सातवा गठ्ठा

सरकारी कार्यालयातले कागद सहा गठ्ठ्यांत ठेवायचे असतात. ही थट्टा नाही. 'सहा गठ्ठे पद्धत' याच नावाने ती महाराष्ट्रभर ओळखली जाते. नव्याने रुजू झालेल्या लिपिकाला ती शिकवतात, आणि वार्षिक तपासणीला वरचे साहेब येणार असले की आदल्या रात्री दिवे लावून अमलातही आणतात. चालू प्रकरणांचा एक गठ्ठा. कुणाच्या तरी उत्तराची वाट बघत बसलेल्या प्रकरणांचा एक. ठरावीक मुदतीने वर पाठवायच्या तक्त्यांचा एक. कायमच्या आदेशांचा एक. काम संपून रेकॉर्ड रूमच्या वाटेला लागलेल्यांचा एक. आणि मुदत संपली की नष्ट करायच्या कागदांचा एक. झाले सहा.

शिवाय कागदांतही चार वर्ण आहेत: अ, ब, क, ड. 'अ' वर्गाचा कागद अमर असतो. 'ब' वर्गाला तीस वर्षांचं आयुष्य मिळतं. 'ड' वर्गाचा बिचारा वर्षभरात रद्दीत जायचा असतो. प्रत्यक्षात मात्र 'ड' वर्गातली 1987 सालची किरकोळ रजेची यादी ठणठणीत असते, आणि 'अ' वर्गातला तुमच्या गावठाणाचा नकाशा तेवढा वाळवीने खाल्लेला असतो. वाळवीला वर्गवारी शिकवलेली नाही.

पद्धत चांगली आहे यात वाद नाही. 1980च्या दशकात तेव्हाच्या अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिल लखिना यांनी आपलं कार्यालय असं काही लावून दाखवलं की 'लखिना पॅटर्न' हा शब्दच सरकारी मराठीत रुजला. पुढे पुणे विभागात 'झिरो पेंडन्सी' मोहीम आली. दर काही वर्षांनी कुणीतरी उत्साही अधिकारी येतो, गठ्ठे सोडवतो, रंगीत चिठ्ठ्या लावतो, फोटो काढतो. मग त्याची बदली होते. गठ्ठे मात्र बदलीपात्र नसतात.

या सहांशिवाय एक सातवा गठ्ठा असतो. तो कुठल्याही शासन निर्णयात नाही. तो कपाटावर असतो. कधीकाळी लाल असावं अशा फडक्यात बांधलेला, वर एक बंद पडलेला टेबलफॅन, त्याच्यावर गेल्या निवडणुकीतल्या बॅनरची गुंडाळी. त्यात काय आहे हे आत्ताच्या लिपिकाला ठाऊक नसतं, कारण त्याला चार्ज देणाऱ्यालाही ते ठाऊक नव्हतं. चार्ज यादीत त्याची नोंद 'इतर कागदपत्रे' अशी असते. आणि तुम्हाला हवा असलेला कागद, माझ्यावर विश्वास ठेवा, त्यातच असतो.

सरकार माहिती दडवून ठेवतं असा आपला सर्वसाधारण समज आहे. मला हा समज सरकारच्या कर्तबगारीवर जरा जास्तच विश्वास टाकणारा वाटतो. दडवायला वस्तू कुठे आहे हे आधी माहीत असावं लागतं.

माहितीचा अधिकार मागणाऱ्यांना हे बहुधा सगळ्यांच्या आधी कळलं. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने नव्वदच्या दशकात गावागावांत जनसुनावण्या घेतल्या. मागणी साधी होती: आमच्या गावावर खर्च झालेल्या पैशाची बिलं आणि हजेरीपत्रकं दाखवा. ती गावासमोर मोठ्याने वाचली गेली तेव्हा कामावर कधीच न गेलेल्या माणसांनी मजुरी घेतल्याचं गावाला कळलं. 1996 साली ब्यावरला चाळीस दिवसांचं धरणं झालं. इकडे महाराष्ट्रात 2003 साली अण्णा हजारे उपोषणाला बसले आणि राज्याचा स्वतःचा कायदा मार्गी लागला. मग देशाचा कायदा आला. तो पूर्णपणे लागू झाला 12 ऑक्टोबर 2005 रोजी, दसऱ्याच्या दिवशी. सीमोल्लंघनाला मुहूर्त झकास होता. पण नागरिकाला ओलांडायची होती ती सीमा म्हणजे कार्यालयातलं काउंटर, आणि ते त्या दिवशी सुट्टीमुळे बंद होतं.

आमच्या शेजारी एक निवृत्त पोस्टमास्तर राहतात. निवृत्तीनंतर माणसाला काहीतरी छंद लागतो. कुणी बागेत जातो, कुणी अध्यात्मात. हे माहिती अधिकाराच्या कलम सहा खाली अर्ज करतात. केंद्र सरकारकडे अर्ज असला की पोस्टल ऑर्डर चालते, तेव्हा त्यांचा चेहरा खुलतो. राज्य सरकारकडे दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प चिकटवावं लागतं, त्यात पोस्टखात्याला काहीच मिळत नाही, याचं त्यांना मनापासून वाईट वाटतं. 2025 साली रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं तेव्हा त्यांनी घरात आठवडाभर सुतक पाळलं. 'पोचपावती हा लोकशाहीचा कणा आहे,' असं ते म्हणतात, आणि त्यांच्याकडच्या पोचपावत्यांची फाईल पाहिली तर कणा बराच जाड आहे.

राज्याच्या नियमांप्रमाणे अर्ज 'जोडपत्र अ' मध्ये करायचा, एका अर्जात एकच विषय घ्यायचा आणि तो साधारण दीडशे शब्दांत बसवायचा. दीडशे शब्दांची ही अट 2012 साली आली. दीडशे शब्दांत मराठी माणसाचं प्रास्ताविकही होत नाही. पोस्टमास्तरांनी पहिल्या मसुद्यात 'सविनय कळविण्यात येते की' लिहिलं होतं. चार शब्द वाया गेले म्हणून ते खोडलं. मग 'कृपया' गेलं. शेवटी 'आपला विश्वासू' सुद्धा गेलं. नियमामुळे अर्जातला विनय संपतो आणि मग अर्जदार उद्धट असतात अशी कार्यालयाची तक्रार असते. उत्तराला मात्र शब्दमर्यादा नाही. एक ओळ चालते.

कायद्यात एक फार गोड कलम आहे. अर्जदाराला माहिती कशासाठी हवी याचं कारण द्यायची गरज नाही. पत्ता सोडून स्वतःबद्दल काही सांगायचीही गरज नाही. कागदावर हे कलम आहे, पण काउंटरवर पहिला प्रश्न हाच येतो: 'कशाला पाहिजे तुम्हाला हे?' विचारणारा वाईट नसतो. त्याला खरोखरच कुतूहल असतं. आपण रोज ज्या कागदांकडे पाठ करून बसतो त्यात कुणाला तरी रस वाटतो, हे त्याला पटतच नाही.

दुसरी गंमत 'का' या प्रश्नाची. नोंदीत काय आहे ते विचारता येतं, ते तसं का आहे हे विचारता येत नाही. 2008 साली मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने तसा निवाडाच दिला. म्हणजे 'रस्ता का खचला?' हा प्रश्न बाद. 'रस्ता कामाच्या मोजमाप पुस्तिकेची साक्षांकित प्रत द्यावी' हा बरोबर. बायकोला 'उशीर का झाला?' असं विचारायची सोय नाही, 'घड्याळाची साक्षांकित प्रत द्यावी' एवढंच विचारायचं, अशा संसारात जी भाषा तयार होईल ती माहिती अधिकाराची भाषा. पोस्टमास्तरांना ती आता इतकी अंगवळणी पडली आहे की भाजीवाल्यालाही ते 'वांग्याचा आजचा दर कळवावा' असं म्हणतात.

अर्ज गेला की तीस दिवसांची मुदत सुरू होते. माणसाच्या जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर अठ्ठेचाळीस तासांत उत्तर द्यायचं असतं. बाकी सगळं आयुष्य तीस दिवसांवर. मग येतात उत्तरं. त्यांच्या काही ठरलेल्या जाती आहेत.

पहिली, 'सदर विषय या कार्यालयाशी संबंधित नाही.' मग अर्ज कलम 6(3) खाली पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे वर्ग करायचा असतो. नगरपालिका तो बांधकाम खात्याकडे पाठवते, बांधकाम खातं जिल्हा परिषदेकडे, जिल्हा परिषद नगरपालिकेकडे. दरवेळी एक प्रत अर्जदाराला माहितीसाठी. अशा रीतीने अर्जदाराला माहिती मिळू लागते.

दुसरी, 'माहिती विस्तृत स्वरूपाची असल्याने प्रतिपान दोन रुपयांप्रमाणे शुल्काचा भरणा करावा.' पानांचा आकडा असा असतो की भरणा करण्यापेक्षा तो रस्ता स्वतःच दुरुस्त करणं स्वस्त पडावं.

तिसरी, 'त्रयस्थ पक्षाची माहिती असल्याने देता येत नाही.' त्रयस्थ पक्ष म्हणजे ठेकेदार. खड्ड्यात पडणारा तो पहिला पक्ष.

चौथी आणि सर्वांत प्रामाणिक, 'सदर माहिती या कार्यालयाच्या अभिलेखात आढळून येत नाही.' हिला लोक टोलवाटोलवी समजतात. मी तिला कबुलीजबाब समजतो. 'आढळून येत नाही' या क्रियापदात शोधणारा, शोधण्याची जागा आणि शोधण्याचा वेळ, तिन्ही गोष्टी शिताफीने गायब आहेत.

मुदतीत उत्तर आलं नाही तर पुढे पहिलं अपील, 'जोडपत्र ब'. वीस रुपयांचं स्टॅम्प. मग राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील, 'जोडपत्र क'. पुन्हा वीस रुपये. दोषी अधिकाऱ्याला दिवसाला 250 रुपये दंड होऊ शकतो, पण 25,000 झाले की मीटर थांबतं. म्हणजे शंभर दिवसांच्या पुढचा उशीर फुकट. आणि आयोगात तारीख लागेपर्यंत अधिकारी बहुधा दुसऱ्या जिल्ह्यात बढतीवर गेलेला असतो, तिथल्या अर्जांना उत्तरं न देण्यासाठी.

पोस्टमास्तरांच्या एका अर्जाला मात्र वेगळं उत्तर आलं: 'कार्यालयीन वेळेत समक्ष येऊन अभिलेखाची पाहणी करावी.' तालुक्यातलंच कार्यालय होतं, नाव राहू द्या. पाहणीचा पहिला तास विनाशुल्क असतो, त्यामुळे त्यांनी मला सोबत घेतलं. दोन माणसांनी पाहिलं तर दोन तासांचं काम एका तासात होईल, असा पोस्टातला हिशोब.

दाराशी 'जन माहिती अधिकारी', 'सहायक जन माहिती अधिकारी', 'प्रथम अपिलीय अधिकारी' असा फलक होता. तिन्ही नावांवर पांढरा रंग मारून नवी नावं लिहिलेली, आणि त्यातल्या एकावर पुन्हा पांढरा रंग. जिथे नाव नव्हतं तेच टेबल आमचं होतं. टेबलाशी बसलेला तरुण लिपिक स्वतःची दोन आणि रजेवर गेलेल्या माणसाचं एक, अशी तीन टेबलं सांभाळत होता. तो उठला, स्टुलावर चढला आणि कपाटावरचा गठ्ठा काढू लागला. पंखा आणि बॅनर शिपाईमामांनी धरले.

गाठ सुटेना. मामांनी ब्लेड आणलं. 'मामा, कापू नका, सरकारी फडकं आहे,' लिपिक म्हणाला. शेवटी गाठ दातांनी सैल झाली, कुणाच्या ते सांगत नाही. धूळ उडाली, चौघेही शिंकलो, आणि राज्यघटनेच्या प्रस्तावनेतली बंधुता प्रत्यक्षात आली.

आत काय नव्हतं? एका साहेबांच्या मुलीची लग्नपत्रिका. जनगणनेचे कोरे फॉर्म. एका शिपायाचा, आजी वारल्याचा रजेचा अर्ज, आणि त्याच शिपायाचा पुढच्या वर्षीचा आजी वारल्याचा रजेचा अर्ज. 'हे मामांचंच अक्षर की,' लिपिक म्हणाला. मामा खिडकीबाहेर बघू लागले. आणि त्याखाली, नीट टाचलेली, आमच्या रस्त्याची मोजमाप पुस्तिका.

पोस्टमास्तर पानं उलटू लागले. लिपिकही वाकून बघू लागला. आधी औपचारिकपणे, मग खुर्ची ओढून घेऊन. मातीकाम, खडीकरण, डांबरीकरण, लांबी गुणिले रुंदी गुणिले जाडी. आणि मग एक ओळ: पाइप मोरी, 1 नग.

'काका,' लिपिक म्हणाला, 'मी रोज याच रस्त्यानं येतो. ही मोरी कुठंय?'

'भाऊसाहेब,' पोस्टमास्तर म्हणाले, 'तेच विचारायला आलोय.'

'पावसाळ्यात तिथंच तर माझी गाडी बंद पडते!' तो इतका चिडला की स्वतःच प्रती काढायला धावला. दोन रुपये पान घ्यायचं विसरला. पोस्टमास्तरांनी ते आग्रहाने भरले आणि पावती घेतली.

त्या दिवशी मला वाटलं की हा कायदा नागरिकाला माहिती मिळावी म्हणून केला आहे ही अर्धीच गोष्ट झाली. तो सरकारला स्वतःची माहिती मिळावी म्हणूनही आहे. अर्ज येईपर्यंत कार्यालयाला आपल्या कपाटात काय आहे हे कळायचं काही कारणच नसतं.

आणि हे काही आजचं नाही. पुण्याचं पेशवे दफ्तर घ्या. पेशवाई बुडाली आणि हजारो रुमालांत बांधलेले मोडीतले कागद इंग्रजांच्या ताब्यात गेले. पुढे कित्येक दशकं इतिहासकारांना तिथे पाऊल टाकू दिलं जात नव्हतं. राजवाड्यांसारखे संशोधक मग वाड्यांच्या माळ्यांवर आणि देवघरांच्या पेट्यांत इतिहास शोधत गावोगाव हिंडले. इकडे सरकार कुलूप लावून बसलं होतं ते अशा कागदांना, ज्यांतले बहुतेक त्याने वाचलेलेच नव्हते. शेवटी 1930 च्या सुमारास जदुनाथ सरकारांच्या पाठपुराव्याला यश आलं, रियासतकार सरदेसाईंनी निवडक कागदांचे 45 खंड छापले, आणि साम्राज्याला काही धक्का लागला नाही. तो दुसऱ्याच कारणांनी लागला.

2023 साली कुणबी नोंदी शोधायला समिती नेमली तेव्हा हेच मोठ्या प्रमाणावर घडलं. तहसील कचेऱ्या, शाळा, कारागृहं, सगळीकडचे जुने गठ्ठे उतरवले गेले. मोडी वाचणाऱ्या माणसांना एकाएकी भाव आला. लाखो नोंदी सापडल्या. बाकी राजकारणाचं काय व्हायचं ते होवो, पण स्वतःच्या कागदांपुढे सरकारही अर्जदारच असतं हे त्या वर्षी महाराष्ट्राने पाहिलं.

कायदा करणाऱ्यांना याची कल्पना होती. म्हणून कलम चारमध्ये सतरा बाबींची यादी आहे. कोणी विचारायची वाट न पाहता कार्यालयाने हे सगळं आपणहून जाहीर करायचं: कर्तव्यं, अधिकार, पगार, खर्च, सवलती, निर्णयाची पद्धत. कायदा झाल्यापासून 120 दिवसांत. ते केलंही गेलं. कित्येक संकेतस्थळांवर ती सतराची यादी आजही आहे, सोबत कधीच निवृत्त झालेल्या अधिकाऱ्याचा दूरध्वनी क्रमांक आहे. तुम्ही फोन केलात तर ते घरी असतात आणि बोलायलाही तयार असतात. माहिती देण्यात त्यांच्याइतकं तत्पर कुणी नाही.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर तो तरुण लिपिक मला माफ करणार नाही. अर्जदारांतही नाना तऱ्हा आहेत. खिशात 'माहिती अधिकार कार्यकर्ता' असं छापील ओळखपत्र बाळगणारे आहेत, जे छापून देण्याचा अधिकार कुठल्याच कायद्यात नाही. बिल्डरची फाईल मागायची, ती मिळायच्या आत बिल्डरला भेटायचं आणि मग अर्ज मागे घ्यायचा, अशी घरबसल्या वकिली करणारे आहेत. मेव्हण्याशी जमिनीचा वाद असला की मेव्हणा ज्या शाळेत शिक्षक आहे तिथल्या खडूचा दहा वर्षांचा हिशोब मागणारे आहेत. तीन टेबलांचा मालक या सगळ्यांना उत्तर लिहितो, आणि रोजचं काम संध्याकाळी सहानंतर करतो.

आणि सगळंच काही अज्ञानाने अडत नाही, हेही खरं. कुठला कागद कोणत्या गठ्ठ्यात आहे हे पक्कं ठाऊक असलेली माणसंही असतात, आणि तो बाहेर येऊ नये म्हणून ती कुठवर जातात ते आपण पाहिलं आहे. तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी जमीनव्यवहारांची माहिती मागत होते. जानेवारी 2010 मध्ये त्यांचा खून झाला. आपण कार्यालयांच्या गबाळेपणावर हसू शकतो, कारण बहुतेक वेळा पलीकडे नुसता गबाळेपणाच असतो. तो कधी नसतो हे दारावरच्या फलकावर लिहिलेलं नसतं.

अलीकडे माहिती न देण्याला एक सभ्य कारणही मिळालं आहे. 2023 च्या विदा संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराचं कलम 8(1)(j) छाटलं. पूर्वी वैयक्तिक माहितीत व्यापक जनहित असेल तर ती द्यावी, आणि जी संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारू नये, असं त्या कलमात लिहिलेलं होतं. आता तिथे 'वैयक्तिक माहिती' एवढंच उरलं आहे. जनहिताचा दरवाजा दुसऱ्या एका पोटकलमात शिल्लक आहे, पण तिथे पोचायला दीडशे शब्द पुरतील की नाही शंका आहे. नागरिकाकडून सिमकार्डापासून शिधापत्रिकेपर्यंत आधार, बोटांचे ठसे आणि बुबुळं मागणारी व्यवस्था स्वतःच्या बाबतीत किती लाजाळू आहे, हे पाहून मला तिच्याविषयी नवी आपुलकी वाटू लागली आहे.

तरीही मार्ग आहेत. पुणे महापालिकेने 2009 च्या सुमारास दर सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळात नागरिकांना फायली खुल्या केल्या. पुण्यात, दुपारी, तेही सोमवारी. ज्या शहराने दुपारच्या झोपेला संस्कृतीचा दर्जा दिला, तिथे माणूस झोपेतून उठून फाईल बघायला जाईल हा प्रशासनाचा आशावाद वाखाणण्यासारखा होता. आणि माणसं गेलीही! 2018 साली राज्य सरकारने हीच सोमवारची वेळ इतर कार्यालयांनाही लावली. किती ठिकाणी ती पाळली जाते हे विचारायचं तर अर्ज करावा लागेल.

म्हणून माझी सरकारला एक नम्र सूचना आहे, दीडशे शब्दांच्या आतच बसते. प्रत्येक कार्यालयाने वर्षातून एकदा स्वतःकडेच अर्ज करावा. जोडपत्र अ, दहा रुपयांचं स्टॅम्प, विषय एकच: आमच्या कपाटावर काय आहे? कारण द्यायची गरज नाही. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर स्वतःच्याच वरिष्ठांकडे अपील करावं, सुनावणीला स्वतःच हजर राहावं आणि स्वतःलाच पुढची तारीख द्यावी. आमचे पोस्टमास्तर मसुदा फुकट तपासून देतील. फक्त पोचपावती जपून ठेवावी लागेल, ती सातव्या गठ्ठ्यात ठेवू नये.